टेकायची जागा

४ सप्टेंबर

आले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि सूक्ष्मदर्शकावर वाकून वाकून कायमची आखडलेली मान, एवढा संसार घेऊन मी क्वार्टरच्या दुसऱ्या मजल्यावर येऊन पडले आहे. जागा छान आहे. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर मी रोजनिशीत फक्त कुरकुर लिहिते असं वहिनीचं म्हणणं आहे. (वहिनीने ती वाचली कधी, हे मी अजून विचारलेलं नाही.)

दोन खोल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बंदराची भिंत आणि तिच्यापलीकडे पाण्याची एक पट्टी दिसते. नळ उघडला की आधी खोकतो, मग पाणी देतो. आतल्या खोलीत एक जादा पलंग आहे, तो मी लगेच ओढून खिडकीशी लावला. तो माझ्या बुटकीचा. पोरगी आता माझ्याहून वीतभर उंच झाली, पण नाव पडलं ते पडलं. परीक्षा संपली की ती कायमची इकडे येणार. नोकरी घेतली ती त्याचसाठी, नाहीतर या वयात कोण नव्या गावात जाऊन नव्या साहेबाची मर्जी सांभाळतंय?

तिच्या बापाने हात झटकल्यापासून ती दादा-वहिनीकडे आहे. वेणी वहिनी घालते, प्रगतिपुस्तकावर सही वहिनी करते. गेल्या महिन्यात बुटकी मामीला चुकून आई म्हणाली. आम्ही तिघीही हसलो. सगळ्यात मोठ्याने मी हसले.

६ सप्टेंबर

काम समजून घेतलं. कोणी विचारलंच तर सांगता यावं म्हणून इथे सोप्या भाषेत लिहिते.

समुद्राच्या तळाशी डोंगर आहेत. इतक्या खोल, की उजेड म्हणजे काय हे तिथे कोणालाच ठाऊक नाही. त्या डोंगरांवर शर्टाच्या बटणाएवढे शिंपले दगडाला चिकटून जन्म काढतात. हलता येत नाही, चालता येत नाही. मग या डोंगरावरचे शिंपले त्या डोंगरावर पोचतात कसे? तर पोरांच्या जिवावर. त्यांची पिल्लं, म्हणजे आमच्या अळ्या, डोळ्याला दिसणारही नाहीत एवढ्या. आईने बरोबर दिलेला तेलाचा एक थेंब, हीच शिदोरी. तेवढ्यावर त्या महिनोन्‌महिने प्रवाहात वाहत राहतात. पाणी थंड, म्हणून भूक कमी आणि आयुष्य लांब. बहुतेक मरतात. एखादीला योग्य जागा सापडते, आपल्या माणसांचा वास लागतो, आणि ती टेकते. टेकली की संपलं. पोहायची झालर गळून पडते, डोळ्याचा ठिपका विरघळतो, आणि बाई तिथेच चिकटून म्हातारी होते. माझ्या लग्नाची हकीकत कोणीतरी शास्त्रीय भाषेत लिहिली आहे असं वाटलं!

प्रश्न असा, की यातला एक डोंगर धातूसाठी खरवडायचा आहे. खरवडला तर दुसऱ्या डोंगरावरून अळ्या येऊन तो पुन्हा भरेल का? दोन वस्त्या जोडलेल्या आहेत का? खरवडणाऱ्यांना उत्तर ‘हो’ हवं आहे. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनाही तेच हवं आहे. मला कोणी विचारलेलं नाही, मी फक्त अळ्या निवडणारी.

११ सप्टेंबर

अळ्यांसाठी गार ठेवलेल्या थंड खोलीत आम्ही चौघं. मॅडम, बडबड्या, टोपीवाली आणि मी. बडबड्या टाक्यांचं बघतो आणि श्वास घ्यायलाही थांबत नाही. टोपीवाली बाहेर उन्हातसुद्धा लोकरीची टोपी काढत नाही. खोलीत टेबलं भरपूर आहेत, पण सगळे एकाच लांब बाकावर कोपराला कोपर लावून बसतात. मला पहिल्या दिवशी गुदमरल्यासारखं झालं. आता सवय झाली.

अळ्या उचलायची पद्धत मात्र जुनीच आहे. काचेची बारीक नळी, तिला लांब रबरी नळी आणि तिचं दुसरं टोक तोंडात. जिभेने हलकेच ओढायचं, एकेक अळी काचेत घ्यायची आणि दुसऱ्या वाटीत सोडायची. मधे कापसाचा बोळा असतो. मी रबरी फुगा मागितला तर मॅडम म्हणाल्या, फुग्याचा हिसका बसतो, अळी फाटते, जिभेइतकं मऊ काही नाही. मी जिथे काम शिकले तिथेही असंच करायचे, म्हणून गप्प बसले.

अळ्या मोठ्या नखरेल. त्यांच्याच डोंगराचा दगड ठेवला, दुसऱ्या डोंगराचा ठेवला, त्यांच्याच आईबापांचे शिंपले ठेवले. एकीने ढुंकून पाहिलं नाही. पोहताहेत आपल्या गोलगोल. मॅडमना मात्र काही घाई नाही.

क्वार्टरमध्ये सगळ्यांनी आपापली माणसं आणून ठेवली आहेत. बडबड्याचे म्हातारे वडील खाली राहतात, टोपीवालीची बहीण समोर. दुपारी सगळे जिन्यात सावलीला ओळीने बसलेले दिसतात. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

१९ सप्टेंबर

आज माझी चांगलीच फजिती झाली. दुपारी नळी तोंडात धरून बसले होते, फोन बाकावर स्पीकरवर, पलीकडे बुटकी. तिने तिच्या गणिताच्या मास्तरांची अशी काही नक्कल केली की मला हसू आवरेना. नेमकं तेव्हाच ओढलं गेलं. बोळा भिजला आणि गारढोण खारट पाणी घशाखाली गेलं. त्या पाण्यात दहा-बारा तरी अळ्या असतील.

मी खोकत उठले तर या तिघांनी टाळ्या वाजवल्या! बडबड्या नाचायचाच बाकी होता. प्रत्येकाने एकदा तरी गिळलेलं आहे म्हणे, आता मी घरची झाले. टोपीवालीने चहा करून आणला. मॅडमनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्याचं आठवत नाही. एवढ्यावर मी विरघळले, म्हणजे बघा.

२७ सप्टेंबर

भूक कमी झाली आहे. बरंच आहे म्हणा, एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळाच येतो. तोंडाला सतत खारट चव. ऊन सोसत नाही, थंड खोलीत गेलं की जिवाला बरं वाटतं. घरी बसले की बसूनच राहते. काल कपडे वाळत घालायला उठायचं होतं, खुर्चीतून पायच निघेनात. शेवटी हसून सोडून दिलं.

बुटकी म्हणते, आई तुझा आवाज भरल्यासारखा येतो, सर्दी झाली का. झाली असेल.

८ ऑक्टोबर

खालच्या दातांच्या मागे काहीतरी कचकचीत लागतं. दात घासून जात नाही. जिभेला दिवसभर तोच चाळा. आधी वाटलं, दातांवरचा थर असेल. आज जेवणाच्या सुट्टीत एकटी होते, तेव्हा चिमट्याने एक कण खरवडला, काचेवर ठेवला आणि भिंगाखाली धरला.

शिंपला आहे. खसखशीच्या दाण्याहून लहान, गोल, कडेला वाढीच्या रेघा. मी आयुष्यभर हेच बघत आले आहे, माझी चूक होणं शक्य नाही. मी बघत असताना त्याने हळूच तोंड मिटलं.

आरशात पाहिलं तर हिरडीच्या कडेने ओळ लागली आहे.

९ ऑक्टोबर

मॅडमना दाखवलं. ओरडाआरडा करायचा ठरवून गेले होते. त्या शांतपणे माझं सगळं ऐकून घेतात, हसतात, आणि मग माझ्यासमोर आ करतात.

टाळू दिसत नव्हती. नुसते शिंपले, एकाला एक लागून, घशापर्यंत. सगळे एका वेळी उघडले आणि एका वेळी मिटले.

मग बडबड्याने दाखवलं. मग टोपीवालीने. अगदी कौतुकाने, नवे दागिने दाखवावेत तसं. मॅडम म्हणाल्या की घाबरायचं काही कारण नाही, ते आपलं काही खात नाहीत, त्यांना फक्त टेकायला जागा लागते. समुद्रातले त्यांचे डोंगर आपण खरवडणार, मग कुठेतरी तर त्यांनी जावं. इतक्या समजुतीने बोलत होत्या की क्षणभर मला माझीच लाज वाटली.

तिथून तडक दवाखान्यात गेले. डॉक्टर बिचारा तोंड उघडा म्हणाला. उघडेना! जबडा असा बसला की मला हलवता येईना. त्याने चमच्याने प्रयत्न केला, मी घुं घुं करत राहिले. मनावर ताण आहे म्हणून झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर पडल्यावर जबडा आपोआप सैल झाला.

बसस्टँडवर गेले. उन्हात उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, छाती आवळली. कोणी उचललं माहीत नाही. जाग आली ती थंड खोलीत, बाकावर, त्यांच्या कोपरांच्या मधे. आणि बरं वाटत होतं. हेच वाक्य दोनदा खोडलं, पुन्हा लिहिलं. बरं वाटत होतं.

१७ ऑक्टोबर

थुंकी दुधासारखी पांढरी येते. वाटीत घेऊन घरी आणलेल्या भिंगाखाली पाहिली. अळ्या. शेकडो, पोहताहेत.

म्हणजे आता मी डोंगर झाले.

डोकं ठिकाणावर ठेवायचं म्हणून जे येतं ते केलं, प्रयोग केला. दगड ठेवला, फिरकल्या नाहीत. बडबड्याचा हातमोजा, माझा स्वतःचा केस, टोपीवालीच्या टोपीचा धागा, काही नाही. मग वहिनीने पाठवलेलं पार्सल आठवलं. त्यात बुटकीचा स्वेटर आहे. त्यावरचा तिचा एक केस उचलून वाटीत सोडला.

सगळ्या वळल्या. सगळ्या एकाच वेळी. मी वाटी पुरती पालथी करेपर्यंत तो केस त्यांच्या थराखाली दिसेनासा झाला होता.

उघड्या दारातून टोपीवाली आत येऊन मागे उभी होती. ती म्हणाली, छान टेकल्या की. तिची बहीण गेल्या वर्षी आली तेव्हा त्या टेकतील अशी टोपीवालीलाही खात्री नव्हती. समुद्रातून आणलेल्या गिळल्या की कोणातही टेकतात, पण या परक्यात टेकत नाहीत. ज्याच्या तोंडात वाढल्या त्याच्या जिवाभावाचं माणूस लागतं. समोरच्या गॅलरीत तिची बहीण बसलेली होती, सावलीत, मांडीवर हात ठेवून. तिने माझ्याकडे पाहून आ केला.

माझी पोर नाही. काय वाट्टेल ते होवो. माझी पोर इथे येणार नाही.

२० ऑक्टोबर

वहिनीला फोन केला. सांगितलं, बुटकीला पाठवू नका, इथली हवा वाईट आहे. वहिनी गोंधळली. म्हणाली, अहो वन्सं, कालच तर तुम्ही रडून रडून सांगितलंत, परीक्षा राहिली तर राहू दे, आधी पाठवा. तिकीट काढलंय.

केला होता. मीच केला होता तो फोन. आठवतंय. तिच्या केसांचा वास आठवत होता, तिला कुशीत घेऊन तिच्या गालावर ओठ टेकवावेत असं वाटत होतं, जीव नुसता तुटत होता. यातलं माझं किती आणि त्यांचं किती? ही आठवण मला त्यांच्या आधीपासून येते. इतकी वर्षं रोज येते. त्यांनी नवीन काही आणलंच नाही. जे होतं त्यावरच टेकल्या.

२३ ऑक्टोबर

एकच उपाय उरला. पोरीने माझं नाव टाकलं पाहिजे.

रुमाल तोंडाशी धरून फोन केला. तिला सांगितलं की मला इथे फार शांत वाटतं. तुझी कटकट नको. तुझ्यात मला तुझ्या बापाचं तोंड दिसतं. मामीला आई म्हणतेस ना, म्हण, तीच तुझी आई. परत फोन करू नकोस.

रडली नाही. बरं म्हणाली. एवढंच, बरं. मग तिने फोन ठेवला.

जमलं. मी हरामखोर बाई आहे आणि मला ते जमलं. फोन बंदराच्या भिंतीवरून पाण्यात टाकला, म्हणजे पुन्हा हात जायला नको.

२५ ऑक्टोबर

कोणी रागावत नाही. हेच सहन होत नाही. मॅडम पाठीवरून हात फिरवतात. म्हणतात, थंडीत त्या खूप दिवस वाट बघू शकतात.

सुरीने खरवडायला गेले. रक्त खूप, शिंपला एकही नाही. जीभ जड. चव—

दुपारी सगळे जिन्यात बसले होते. मला जागा ठेवली होती मधे. बसले. संध्याकाळपर्यंत बसले. कधी बसले ते—

२७ ऑक्टोबर

तोंड भरून येतं. गिळते. पुन्हा भरतं. एवढं कधी नव्हतं.

कोणीतरी जवळ येतंय, म्हणून. त्यांना कळतं. मला त्यांच्यावरून कळतं.

नको. देवा, नको.

२८ ऑक्टोबर

जिन्यात आवाज. वहिनीचा. बडबड्या त्यांना वर घेऊन येतोय, बॅग मी धरतो म्हणतोय, पोरगी अगदी आईवर गेली म्हणतोय.

आली. वहिनीने आणली. बाहेरून बोलतेय— म्हणते, वन्सं, तुम्ही असं मनापासून बोलणारच नाही, मी ओळखत नाही का तुम्हाला, फोन बंद, जिवाला घोर लागला, म्हणून हिला घेऊन आले. इतकी वर्षं मी या बाईला नाकाने कांदे सोलणारी म्हटलं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, एवढं प्रेम हिने नेमकं आत्ताच करावं!

कडी लावली आहे. पाठ दाराला, वही जमिनीवर फटीशी.

ओरडून सांगता येत नाही. पळ म्हणायला तोंड उघडावं लागेल. उघडलं की सगळं बाहेर— दाराखाली फट आहे.

बुटकी रडतेय. आई मी काय केलं म्हणतेय. मी तुला त्रास देणार नाही म्हणतेय. जबडा सैल होतोय. डॉक्टरपुढे नाही झाला, आत्ता होतोय.

हे पान फाडून फटीतून देते. वहिनी, हिला घेऊन जा, आत्ता, या इमारतीत कोणाच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नका, कोणाला हिच्या गालाला हात लावू देऊ नका, वळून बघू नका, मी तुमच्या पाया

ओठातून गळलं. कागदावर. अक्षरं फुटताहेत. हे पान आता द्यायचं नाही. दुसरं— दुसरं कोरडं—

ती जमिनीवर झोपून फटीतून बघतेय. तिची बोटं आत आली. कागदाचा कोपरा धरलाय तिने. तिला वाटतंय मी तिला काही लिहिलंय. ओढतेय. ओला आहे गं तो, सोड, सोड ना बाळा, तुझ्या हाताला ला